अडलेली

रात्री दीडच्या सुमारास ती खरखर पुन्हा सुरू झाली. मे महिना, लाइन गेलेली, कूलर बंद. वसरीत बाजा टाकून आम्ही पडलो होतो आणि आतल्या खोलीतून तो बारीक आवाज येत होता, प्लॅस्टिकवर नखं घासल्यासारखा. मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा. ही तिसरी रात्र. केशर खड्डा करतेय, म्हणजे उद्या सकाळपर्यंत अंडी देईलच, असं मी मनाशी धरून चालले होते.

शेजारच्या बाजेवरून आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, तिले बूड लागून रायलं."

"काय लागतंय?"

"बूड. माती खोल नाही तिले. आवाज ऐक न."

मी ऐकलं. खरंच, तो माती उकरल्याचा आवाज नव्हता. माती संपल्यानंतरचा होता. मऊ, मऊ, मऊ, आणि मग एकदम कोरडी खरखर. तीन रात्री मी तोच आवाज ऐकत होते आणि मला त्यात फक्त आशा ऐकू येत होती.

केशर म्हणजे पाल. गावात कोणी विचारलं तर मी आडवळणं घेत नाही, पालच म्हणते. पुस्तकी नाव क्रेस्टेड गेको. माझ्या लेकीने पुण्यात पाळली होती. तिला सहा महिने कामासाठी परदेशी जायचं ठरलं आणि फेब्रुवारीत ती काचेची पेटी, खाण्याच्या पुडीचे दोन डबे आणि दोन पानांच्या सूचना घेऊन आमच्या आर्वी तालुक्यातल्या घरी आली. पहिले आठ दिवस मी त्या खोलीत लाइट लावल्याशिवाय पाऊल टाकत नव्हते. आपल्याकडे पाल चुकचुकली की बोलता माणूस थांबतो, अंगावर पडली की अंघोळ करतो. लहानपणापासून मनात बसलेलं ते एका दिवसात कसं निघणार?

मग एका संध्याकाळी पेटी पुसताना ती माझ्या मनगटावर उतरली. पावलं गार आणि हलकी. जाईची ओली पाकळी हाताला चिकटावी तशी चिकटायची आणि सुटायची. रंग केशरात दूध घातल्यासारखा. डोळ्यांवर दोन्ही बाजूंना मऊ काट्यांची रांग, बघणाऱ्याला पापण्याच वाटाव्यात. पण पापणी तिला नसतेच, ती डोळा मिटू शकत नाही. धूळ बसली की जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा स्वतःच चाटून घेते. तिने माझ्या हातावर बसून तो डोळा चाटला आणि माझ्याकडे पाहत राहिली. तेव्हापासून ती माझी झाली. लेकीचीही आहेच.

तिचं मूळ घर न्यू कॅलेडोनिया. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक समुद्रातलं बेट. १८६६ मध्ये या जातीची शास्त्रीय नोंद झाली, पुढे ती कोणाला दिसेना म्हणून नाहीशीच झाली असं धरलं गेलं, आणि १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. आज जगभर पाळल्या जातात त्या माणसांच्या घरीच वाढलेल्या पिढ्यांमधल्या. तिला मानवतं ते साधारण २२ ते २६ अंश. अठ्ठावीस-एकोणतीसच्या वर गेलं की तिचे हाल सुरू होतात. आणि आणली कुठे, तर जिथे मेअखेरच्या नवतपात ४५ अंशांना कोणी बातमी म्हणत नाही अशा मुलखात! लेकीला मी तेव्हाच म्हटलं होतं, बाई, हिला इथे आणणं बरं नाही. पण दुसरं कोणी ठेवून घ्यायला तयार नव्हतं.

आमचं जुनं घर मातीचं, वर कवेलू. मधल्या खोलीच्या भिंती हातभर जाड, आणि तिला एकच बारीक झरोका. या घरातली सगळी बाळंतपणं त्या खोलीत झाली. आमच्या घरधन्यांचा जन्मही तिथलाच. केशरची पेटी तिथेच ठेवली. कूलरला वाळ्याच्या ताट्या लावून त्याची हवा त्या खोलीत वळवली. पेटीशेजारी पाण्याचा माठ, आणि लाइन गेली की पेटीभोवती ओला बारदाना. भर दुपारी अंगणात उभं राहवत नसे तेव्हा थर्मामीटर तिथे सत्तावीस-अठ्ठावीस दाखवायचा. माठाच्या आडोशाला आणखी एखादा अंश कमी. विदर्भातल्या माणसाला उन्हाळा कसा काढायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही, तेवढं एक बरं.

एप्रिलच्या शेवटी तिचं पोट दोन्ही बाजूंनी भरल्यासारखं दिसायला लागलं. काचेला चिकटून बसली की खालच्या कातडीतून दोन फिकट, लांबट आकार दिसायचे. फोनवर लेक आनंदाने ओरडलीच. नर जवळ नसला तरी मादी अंडी देते, कोंबडी देते तशी. शिवाय पूर्वी कधी जोडा लागला असेल तर त्याचं बीज ती कित्येक महिने अंगात राखून ठेवते. एका खेपेला दोन अंडी. ओल्या मऊ मातीत खड्डा करून पुरते आणि निघून जाते.

मी श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, झाकणाला भोक पाडलं, तळाशी दीड इंच ओला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातला. सूचनांच्या कागदावर 'खोल' असा शब्द होता. मला दीड इंच खोल वाटला. चार तोळ्यांचा जीव, त्याला किती खोल लागणार?

दुसरी चूक याहून मोठी. तिची पुडी मार्चअखेर संपत आली होती. त्यात कॅल्शियम, जीवनसत्त्वं सगळं मोजून घातलेलं असतं, पाण्यात कालवून द्यायची. नवीन मागवलेलं पार्सल कुठेतरी अडकलं आणि तब्बल पाच आठवडे आलं नाही. तेवढे दिवस मी तिला पिकलं केळं आणि पुढे आंब्याचा रस चाटवला. ती आवडीने खायची, जिभेने बशी साफ करायची, आणि खाते आहे यातच मला समाधान. फळात कॅल्शियम नावालाच असतं. अंड्यांचं कवच घडवायला तिने ते स्वतःच्या अंगातून काढलं, आणि मी तिला गोड भरवत राहिले.

आत्याबाईंनी बूड लागल्याचं सांगितलं त्या रात्री मी उठून टॉर्च लावला. केशर डब्यातून निघून पेटीच्या तळाशी येऊन पडली होती. एरवी रात्री ती वर फांदीवर असायची. रंग उतरून राखेसारखा झालेला, डोळे किंचित आत गेलेले. मागचे पाय पसरून तिने कंबर उचलली, अंग ताणलं, पोटावरून एक लाट गेली आणि विरली. काहीच आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी कळ अर्ध्यावरच संपली.

मी मोबाइल काढला. एका व्हिडिओत कोणीतरी अशाच पालीला मुठीत धरून, पोटावर अंगठा फिरवत अंडं पुढे ढकलत होतं. पाहताना फार सोपं वाटलं. मी हाताला खोबरेल लावलं, तिला उचललं, अंगठा पोटाशी नेला. तेवढ्यात आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. त्या कधी उठून आल्या, मला कळलं नव्हतं. ऐंशीच्या पुढची बाई, पण पकड अशी की हात हलेना.

"दाबू नोको."

"आत्याबाई, अडली आहे हो ती."

"म्हनूनच म्हन्ते. अडलेलीले दाबू नोको."

आत्याबाई या पंचक्रोशीतल्या सुईण. आता बायका दवाखान्यात जातात, आशाताई येते, १०८ येते, आणि ते चांगलंच झालं असं त्या स्वतः सांगतात. पण त्याआधीची तीस-पस्तीस वर्षं इथली लेकरं त्यांच्याच हातावर आली. किती सुटल्या ते त्या नेहमी सांगायच्या. त्या रात्री टॉर्चच्या उजेडात, माझं मनगट न सोडता, त्यांनी एक वेगळी गोष्ट सांगितली. पावसाचे दिवस, नाल्याला पूर, आर्वीला न्यायला गाडी निघेना. घरचे डोक्याशी उभे, दाबा म्हणत होते. "मंग दाबलं म्या. लेकरू आलं. बाई नाही राह्यली." थोडं थांबून म्हणाल्या, "त्याच्यानंतर पोटावर हात ठेवला त आयकाले ठेवला."

पंचवीस वर्षं एका घरात राहून ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. मी केशरला खाली ठेवलं.

नंतर डॉक्टरांकडून कळलं की अंगठ्याच्या तेवढ्या दाबानेही अंडं आतल्या आत फुटू शकतं. ते पोटात सांडलं की जंतुसंसर्ग होतो, मग तिला वाचवणं अवघड. म्हणून कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर व्हिडिओतलं पाहून पोट चोळू नका, माझी कळकळीची विनंती आहे. ती सुस्त पडली, कळा देऊन थकली, डोळे आत गेले की डॉक्टर गाठा. एक दिवससुद्धा थांबू नका.

पण डॉक्टर कुठे? गुराढोरांचा दवाखाना आम्हाला जवळ आहे. तिथल्या डॉक्टरांना सकाळी सहाला फोन केला. त्यांनी खरं ते सांगितलं, पालीला आजवर हात लावलेला नाही. पण फोन ठेवला नाही. नागपुरात त्यांच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघते, तिला तिथूनच विचारलं. दिवसा उन्हात आणू नका, असा तिचा निरोप आला. म्हणून तो दिवस कोमट म्हणजे अगदी अंगाला लागेल न लागेल अशा, बोटाच्या एका पेराइतक्या पाण्यात तिला थोडा थोडा वेळ बसवून काढला. ती पाणी चाटत होती, तेवढाच आधार. रात्री तिने वर चढून बघायचं सोडून दिलं होतं.

पहाटे चारला निघालो. थर्माकोलची पेटी, तिला चार भोकं, आत एका बाजूला माठाच्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, दुसऱ्या बाजूला ओल्या कापडावर केशर. कारंजा घाडगे मागे पडलं तेव्हा अंधारच होता, कोंढाळीला फटफटलं. मांडीवर पेटी घेऊन मी सगळ्या रस्त्यात एकदाही झाकण उघडलं नाही. आत्याबाईंनी निघताना बजावलं होतं, "घडीघडी पाहू नोको. पाहनाऱ्याच्या पुढं कोनी बायंत होत नाही."

डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी. तिने केशरला दोन बोटांत असं धरलं की मला माझ्या अंगठ्याची लाज वाटली. आधी पोट नाही, तोंड पाहिलं. बारीक चपट्या पट्टीने जबडा उघडून मला म्हणाली, "काकू, टाळूला बघा." या गेकोंच्या टाळूला मागे दोन बाजूंना दोन लहान पिशव्या असतात, त्यात कॅल्शियम साठवलेलं असतं. साठा भरलेला असला की पांढऱ्या ठिपक्यांसारख्या ठळक दिसतात. केशरच्या टाळूला मला दोन फिकट रेघा दिसल्या, बस.

एक्स-रेत दोन अंडी होती. फार ठळक नाहीत, कारण तिच्या अंड्याचं कवच आपल्या घरातल्या पालीसारखं खडूगत टणक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. पण आकार नीट, एकामागे एक, कुठे वाकडी बसलेली नाहीत, कमरेचं हाडही सरळ. "रस्ता मोकळा आहे, काकू. ढकलायला तिच्यात काही उरलेलं नाही." गर्भाशयाच्या स्नायूंना आकसायलाही कॅल्शियमच लागतं. ते कवचात गेलं आणि कळेला कमी पडलं.

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमची कपिला गाय व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी अशीच मान टाकून पडली होती. मिल्क फिवर. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली आणि बाटली संपता संपता गाय धडपडून उभी राहिली. गोठ्यात हे डोळ्यांनी पाहिलेली मी, घरातल्या पेटीसमोर मात्र ते विसरले. गायीचं दुखणं गायीचं आणि पालीचं पालीचं, असं धरून बसले.

तिला कॅल्शियमचं आणि पाण्याचं इंजेक्शन दिलं. इतक्या बारीक सुईचं की टोचलेली जागा दिसेना. मी कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनबद्दल विचारलं, कारण ते नाव गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ती म्हणाली, कासवांमध्ये त्याचा गुण चांगला येतो, पाली-सरड्यांमध्ये तितका भरवसा नाही. आणि अंगात कॅल्शियम नसताना ते देणं म्हणजे दमलेल्या बैलाला तुतारी टोचणं. "आधी ताकद, मग खोल माती, मग अंधार. दोन दिवस वाट पाहू. त्याआधी अंग सैल सोडलं तर तशाच परत या, पोट उघडून काढावी लागतील." चार तोळ्यांच्या जीवाचं पोट उघडायचं! परतीच्या वाटेवर दुसरं काही सुचत नव्हतं.

घरी आलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि रस्ता तापायला लागला होता. आत्याबाईंनी तयारी करून ठेवलेली. चुलीमागच्या फळीवरचं एक जुनं गाडगं, विरजणाचं, धुऊन, पाण्यात बुडवून ओलं केलेलं. "प्लास्टिकचं तोंड पाहू दे नोको तिले. यात भर." बांधावरची माती घेऊया असंही त्यांनी सुचवलं होतं, ते मात्र मी ऐकलं नाही. आमचं शेत कपाशीचं आणि कपाशीवर काय काय फवारलं जातं ते मला माहीत आहे. संत्र्याची कलमं विकणाऱ्या नर्सरीतून कोकोपीटची वीट आणलेली होती. ती भिजवली, मुठीत दाबून पाहिली. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण पाणी ठिबकायला नको. गाडग्यात चांगला वीतभर भरला, हलक्या हाताने, न ठेचता. वर दोन पिंपळपानं. गाडग्याच्या भिंती ओल्या असल्याने आत हात घातला तर माठात घातल्यासारखं गार लागे.

केशरला गाडग्याच्या तोंडाशी सोडलं. पेटीवर जाड चादर टाकली, खोलीचं दार लोटलं. आणि मग आत्याबाई दारासमोर बाज ओढून चक्क आडव्या झाल्या, माझी वाट अडवून.

संध्याकाळ गेली. जेवणं झाली. मी दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने उठले, दोन्ही वेळा त्यांनी न बघता हात वर केला. रात्री बाराच्या सुमारास आवाज सुरू झाला. सुर्र, सुर्र, आणि मग गप्प. पुन्हा सुर्र. मी श्वास धरून त्या कोरड्या खरखरीची वाट पाहत होते. ती आली नाही. आवाज हळूहळू खाली खाली, दबत गेला, जणू घराच्या पायाखालून येतोय. मग आवाजच थांबला. आत्याबाई अंधारात म्हणाल्या, "बसली."

एवढंच. त्यानंतर त्या झोपल्या. मी नाही झोपले. तासाभराने, की दोन तासांनी, पुन्हा सुरसुर आली, पण वेगळी. लयीत, घाई नसलेली. भरतेय, असं मला वाटलं, पण आत्याबाईंना उठवून विचारायचा धीर झाला नाही.

सकाळी चादर काढली तर केशर फांदीवर. अंग मातीने माखलेलं, पोट दोन्ही बाजूंनी खपाटीला गेलेलं, कमरेची हाडं दिसत होती. काचेवरचे पाण्याचे थेंब चाटत होती. एक, मग दुसरा, मग तिसरा. गाडग्याचं तोंड तिने पुन्हा सपाट करून टाकलं होतं. एक पिंपळपान अर्धं आत ओढलेलं होतं. मी वसरीत येऊन खांबाला टेकून रडले. हे शेतातून येत होते, त्यांना वाटलं गेली.

पार्सल त्याच दिवशी दुपारी आलं. तिने पुडी कालवलेली बशी चाटली ती दुसऱ्या रात्री, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं कॅल्शियम पुढे महिनाभर चाललं. दर वेळी हात साबणाने धुवायचे, कारण अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. आधी मी त्यात कधी कधी आळस करायची, आता नाही.

अंडी मी बोटांनी माती सारत काढली. अगदी तळाशी, गाडग्याच्या बुडाला लागून होती, लांबट बोरासारखी, पांढरी. एकाला बाजूने खळगा पडलेला. काढताना वरची बाजू वरच ठेवायची, अंडं फिरवायचं नाही, म्हणून मी आधी प्रत्येकावर पेन्सिलने टिंब केलं. आत्याबाईंना याचं फार नवल वाटलं. कोंबडी तर दिवसातून कितीदा अंडी उलटीपालटी करते! आणि हिची हलली की आतला जीव मरतो.

"किती दिस लागतीन?"

"साठ ते नव्वद. कधी जास्तही."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हन्जे पोयापस्तोर."

खळगा पडलेलं अंडं आठवड्यात पिवळं पडून बुरसलं. दुसऱ्याला मी पंधरा दिवसांनी खालून मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. सगळं एकसारखं पिवळट, लाल रेघ कुठेच नाही. आत्याबाईंना सांगितलं, रिकामं आहे. त्या हं म्हणाल्या. डबा मात्र माठामागून काढू दिला नाही, मीही काढला नाही.

गाडगं मी घासून, उन्हात वाळवून चुलीमागच्या फळीवर ठेवायला निघाले. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, मधल्या खोलीत नेलं आणि पेटीच्या वरच्या कोनाड्यात पालथं ठेवलं. पुढची खेप महिना-दीड महिन्यात येऊ शकते, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी त्यांना सांगितल्याचं मला आठवत नाही.

"राहू दे अती," त्या म्हणाल्या. "मंग कुठं शोधत बसतं?"